चयापचय शिकवणाऱ्या बाईंचं वजन

शाळेची सहल वैनगंगेपलीकडच्या देवळाला गेली, ती नव्वदच्या दशकातली शेवटची शेवटची वर्षं. मी तेव्हा चंद्रपूरकडच्या मूल गावी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं, म्हणून नावेनं पलीकडे जायचं ठरलं. नावाडी मुलींना हात देऊन चढवत होता. माझ्यापाशी आला तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नावेकडे, मग पाण्याकडे.

"बाई, तुमी मंगच्या खेपेले या," तो अगदी आदरानं म्हणाला. "आधी पोरी नेतो. तुमच्यासाठी येगळी खेप मारतो."

"काऊन? जागा तर दिसते."

"जागा हाये बाई. नाव हलकी हाये."

मी काठावर एका दगडावर बसून राहिले. दुसऱ्या खेपेला मला नावेच्या बरोब्बर मध्यभागी बसवण्यात आलं, एकटीला, पालखीतल्या देवीसारखं. पलीकडच्या काठावर सगळी शाळा रांगेत उभी राहून माझं आगमन पाहत होती. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलींचं प्रेम पाहून मला भरून आलं आणि मी हात हलवला. नाव अशी कलली की नावाडी ओरडला, "हात नोको हालवू बाई! टाळ्या मंग घेजा!"

घरी आल्यावर मी हे यजमानांना सांगितलं. ते हसले नाहीत. ते राईस मिलमध्ये मशीनचं काम पाहायचे आणि प्रत्येक गोष्ट मोजून पाहायची त्यांना सवय होती. "तुह्यं वजन किती हाये, ते तरी मालूम हाये काय?" त्यांनी विचारलं. दवाखान्यातल्या काट्यावर मी उभी राहिले होते, पण तिथला काटा शेवटच्या आकड्याला टेकून थांबायचा, आणि मी तो शेवटचा आकडाच माझं वजन म्हणून सगळ्यांना सांगत असे.

रविवारी मिल बंद असताना त्यांनी मला धानाची पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. मिल बंद होती, पण हमाल तिथेच सावलीत गप्पा मारत बसलेले होते.  यजमानांनी एकेक वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं, आणि मग आकडा मोठ्यानं वाचला, सवयीनं, जसा पोत्यांचा वाचतात तसा. आकडा शंभराच्या चांगलाच पुढे होता. एक म्हातारा हमाल मान डोलावून म्हणाला, "भरीव हाये बाई." मला वाटतं, तो कौतुकच करत होता.

आमचे यजमान म्हणजे बांबू. लग्नाच्या फोटोत ते माझ्या मागे उभे आहेत, त्यामुळे फोटोत नवरदेव शोधावा लागतो. दोन्ही वेळेला ताट भरून भात, वर पुन्हा भात, मासोळीचा रस्सा असला तर तिसऱ्यांदा भात. तरी अंगाला काही लागायचं नाही. मी त्यांच्या निम्म्यानं खात असे. हे मी कुणाला सांगितलं तर लोक मायेनं हसत, जणू मी रात्री उठून डबे उघडते हे त्यांना माहीतच आहे.

उपाय मी सगळे केले. सकाळी लिंबू-मध घेतलं, दुधीचा रस प्यायले, सोमवार-गुरुवार धरले. पण आमच्याकडे उपवासाला साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट इतका चांगला जमतो की उपवासाच्या दिवशी माझं वजन वाढायचं. चालायला जावं तर गडचिरोली रोडवर प्रत्येक जीपवाला थांबायचा. "मॅडम, काऊन पायी जाऊन राह्यल्या? बसा ना!" अर्ध्या तालुक्याच्या पोरी माझ्या हाताखालून गेलेल्या, त्यांचे बाप, काके, मामे. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं. मी बसायची. मूलपासून चालत निघालेली मी कितीतरी वेळा थेट सावली गावाला पोचले आणि एसटीनं परत आले.

एखाद्या वेळी खरंच वजन उतरायचं. चार-सहा किलो. मग हळूहळू ते परत यायचं, आणि येताना एखाद-दुसरं किलो सोबत पाहुणा म्हणून घेऊन यायचं.

याच काळात मी नववीला चयापचय शिकवत होते. शरीरात सतत चालणाऱ्या सगळ्या रासायनिक क्रियांची गोळाबेरीज म्हणजे चयापचय. अन्नातून ऊर्जा तयार होते, काही वापरली जाते, काही साठवली जाते. हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं की हात आपोआप लिहायचा. एकदा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कुचेष्टा नव्हती तिच्या डोळ्यांत, खरीखुरी शंका होती.

"मॅडम, मंग काई लोकायचं चयापचय हळू अस्ते काय?"

"असतं कुणाकुणाचं."

"जसं तुमचं?"

वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू आले. "खाली बस," मी म्हणाले, "आणि आकृती काढ." 

पुढे गुडघे दुखायला लागले. शाळेचा जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागायचं. तेव्हा मी चंद्रपूरला एका डॉक्टरांकडे गेले. तरुण होते, नागपूरला शिकून नुकतेच आलेले. त्यांनी माझी लिंबू-मधापासूनची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकदाही हसले नाहीत. इतर डॉक्टर तपासायच्या आधीच "कमी खा" म्हणायचे. हे म्हणाले, "मॅडम, काही शरीरं वजन धरून ठेवण्यात फार हुशार असतात. तुमचं त्यातलं आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराला कुणी हुशार म्हटलं होतं.

त्यांनी मला एक कॅप्सूल लिहून दिली. नवीनच आली होती. जेवणातल्या तेलातुपाचा काही भाग ती पचू देत नाही, तो तसाच बाहेर जातो, असं त्यांनी समजावलं. "पण मॅडम, तेलकट कमीच खायचं. नाहीतर त्रास होईल."

"कसला त्रास?"

डॉक्टर थोडे लाजले. "पोटाचा," ते म्हणाले.

मी विज्ञानाची शिक्षिका. मला वाटलं, मला सगळं कळलं. पहिले काही आठवडे मी पथ्य पाळलं आणि काहीच त्रास झाला नाही. मग चिमूरला नात्यातलं लग्न निघालं. मांडवाच्या दिवशी वडे, लग्नाच्या दिवशी पुऱ्या, भजे आणि वांग्याची अशी भाजी की वर बोटभर लाल तर्री. मी मनात हिशोब केला: तेल तर पचणारच नाही, बाहेर जाणार, मग घाबरायचं कशाला? उलट हीच वेळ होती. ज्या पदार्थांकडे मी इतकी वर्षं चोरून पाहिलं, ते मी दोन दिवस राजरोस खाल्ले, दर जेवणाबरोबर एक कॅप्सूल घेऊन. वाढणाऱ्या बायका आपसात म्हणाल्या, "बाईले भाजी आवडली वाटते."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत निघाले. फिकट पिवळी साडी नेसले होते. सिंदेवाहीच्या अलीकडे पोटात थोडी हालचाल झाली, वारा धरल्यासारखी. गाडीत गर्दी होती, आवाज होता, कुणाला कळणार नाही म्हणून मी निर्धास्त राहिले. तो नुसता वारा नव्हता.

पुढचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते, की वांग्याच्या तर्रीचा लाल रंग कुठेही हरवत नाही. सिंदेवाहीच्या स्टँडवर मी सगळे लोक उतरेपर्यंत बसून राहिले. मग आहेरात मिळालेली नवी कोरी साडी पिशवीतून काढली आणि अंगावरच्या साडीवरच कमरेभोवती गुंडाळली. कंडक्टर दारात उभा राहून पाहत होता.

"थंडी वाजून राह्यली काय बाई?"

मे महिना होता. "हो," मी म्हणाले, "ताप आल्यासारखं वाटते."

ती कॅप्सूल मी सोडली. डॉक्टरांना कारण सांगताना आता मी लाजले आणि ते लाजले नाहीत. "तुम्ही एकट्या नाही," ते म्हणाले. मग त्यांनी दुसरं औषध दिलं. हे पोटावर नव्हे, डोक्यावर काम करायचं, म्हणजे जिथे भूक लागते तिथे. नाडी आणि रक्तदाब दर वेळी तपासायचा, ही अट घातली.

या औषधाबद्दल मला थट्टा करता येत नाही. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी वह्या तपासत बसले होते. यजमान मिलमधून आले आणि म्हणाले, "जेवली नाई काय अजून?" मी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. ते घाबरले. "अवं, काऊन रडून राह्यली? का झालं?" मला नीट सांगता येईना. लहानपणापासून माझ्या डोक्यात एक रेडिओ चालू होता, त्यावर कायम जेवणाच्याच बातम्या लागत. आता काय खायचं, मग काय खायचं, किती उरलंय, कोण बघतंय. तो बंद झाला होता. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात तो असतो आणि बाकीचे माझ्यापेक्षा खंबीर आहेत. बाकीच्यांकडे रेडिओच नव्हता.

वजन उतरायला लागलं. हे औषध मूलला मिळायचं नाही, चंद्रपूरहून मागवावं लागे. दुकानदार ते एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवायचा आणि कंडक्टर स्टँडवर खिडकीतून ओरडायचा, "बाईची वजनाची गोळी आली!" त्यामुळे गावात गुप्त असं काही राहिलं नाही. तरीही, गोळी सगळ्या गावाला माहीत असूनही, मी श्रेय स्वतःकडेच घेतलं. मधल्या सुट्टीत मी शिक्षिकांना भाषण द्यायची: मनाचा निर्धार पाहिजे, जिभेवर ताबा पाहिजे. एका सडपातळ बाईला मी समोसा खाऊ दिला नाही. ब्लाऊज आत घ्यायला टाकले. जिना एका दमात चढायची आणि वर जाऊन मागे वळून पाहायची, कुणी बघतंय का म्हणून.

काही महिन्यांनी काटा थांबला. खाणं तेवढंच, चालणं तेवढंच, गोळी तीच, आणि वजन हलेना. मी डॉक्टरांना म्हटलं, "औषध खोटं आलं वाटतं."

"औषध खरं आहे," ते म्हणाले. "तुमचं शरीर लहान झालं, त्यामुळे ते आता कमी जाळतं. आणि हिशोबानं जेवढं जाळायला पाहिजे, त्याहून थोडं आणखी कमी जाळतं. त्याला वाटतंय, दुष्काळ पडलाय. म्हणून ते काटकसर करतं आणि भूक वाढवतं. ही गोळी त्या भुकेवर हात ठेवून बसलीय, एवढंच."

"आणि गोळी बंद केली तर?"

"तर हात उचलला जाईल."

मी चिडले. "मग उपयोग काय तिचा?"

"तुम्ही चष्मा लावता ना मॅडम? तो काढला की पुन्हा अंधुक दिसतं. म्हणून कुणी चष्म्याला खोटं म्हणतं का? रक्तदाबाची गोळी लोक वर्षानुवर्षं घेतात. वजनाच्या गोळीनं मात्र चार महिन्यांत कायमचं काम करून निघून जावं, असं सगळ्यांना वाटतं." मग दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "पण ही गोळी तुम्हाला वर्षानुवर्षं देता येणार नाही. रक्तदाब वाढलाय, नाडीही पळतेय. आजपासून बंद."

मी गयावया केली. अर्धी द्या, एक दिवसाआड द्या. ते ऐकेनात. पुढे काही वर्षांनी ते औषध बाजारातूनच काढून घेतलं, हृदयाला घातक म्हणून. तेव्हा मात्र मला फक्त एवढंच कळत होतं, की माझा रेडिओ परत सुरू होणार.

तो झालाच. वर्गात शिकवत होते, आणि धाकट्या वर्गांसाठी शिजत असलेल्या खिचडीचा वास आला. वाक्य अर्ध्यात तुटलं. कुठे होते मी, मुलींनाच विचारावं लागलं. वजन उतरलं तसं चढायला लागलं. आत घेतलेले ब्लाऊज मी शिंप्याकडे परत नेले तेव्हा तो म्हणाला, "मी कापड कापलं नव्हतं बाई. आतच ठेवलं होतं." माझ्या निर्धारावर त्याचा किती विश्वास होता ते मला त्या दिवशी कळलं. समोसा न मिळालेल्या बाई मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून समोसा खायच्या, हळूहळू. घरी यजमान एकदा बोलून गेले, "तुह्यं मनच पक्कं नाई." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खाल्लं मात्र दोन्ही दिवस.

त्याच सुमारास यजमान आणखी वाळले. आधीच बांबू, आता त्याची काडी झाली. भात तेवढाच, उलट जास्त, आणि पँट कमरेवरून घसरतेय. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी ते लोकांना सांगत सुटले, "पाहा, यांचं चयापचय!" त्यांना तहान फार लागायची. पाण्याचा तांब्या हातातून खाली ठेवत नसत आणि मोरीकडे सारखे जात. मी दहावीला मधुमेहाची लक्षणं शिकवत होते, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून तोंडपाठ करून घेत होते. तीच लक्षणं माझ्या घरात तांब्या घेऊन हिंडत होती आणि मी त्यांचा हेवा करत होते.

रक्तदाब दाखवायला मी चंद्रपूरला गेले तेव्हा ते सोबत आले. डॉक्टरांच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांनी पाणी मागितलं, आणि थोड्याच वेळात बाथरूम कुठे आहे विचारलं. मग पुन्हा विचारलं. डॉक्टर माझं बोलणं मध्येच थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुमची साखर कधी तपासली होती?"

"माही? मले काई नाई," ते म्हणाले. "हिची पाहा. जाडी तर हे हाये."

दोघांची तपासली. माझी ठीक निघाली. त्यांची इतकी होती की डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी भरती करून घेतलं. सलाईन लावलेला त्यांचा हात चादरीवर पडला होता, बारीक, शिरा दिसणारा. वीस वर्षं मी त्या हाताचा हेवा केला होता. आता तो धरून बसले आणि मला भीती वाटत होती.

ते बरे होऊन घरी आले. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांचा स्वभाव माझ्या गोळ्यांच्या अगदी उलटा निघाला. माझ्या गोळीनं भूक पळायची, त्यांच्या गोळीनं भूक यायची. आणि भात वाटीभर. ज्यांनी जन्मभर ताट भरून भात खाल्ला त्यांना वाटीभर भात म्हणजे काय, हे मी ओळखून होते, पण बोलले नाही. दोघांनीही चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोडवर जीपवाले थांबतात म्हणून आम्ही तलावाच्या पाळीवरून चालायला लागलो. तिथे फक्त मासोळीची जाळी वाळत घातलेली असायची आणि ती कुणाला बसा म्हणत नाहीत.

एका संध्याकाळी ते पाळीवरच्या दगडावर बसले. पुढे यायलाच तयार नाहीत. मला वाटलं साखर कमी झाली, मी पिशवीतली गोळी-बिस्किटं शोधायला लागले.

"साखर नाई वं," ते म्हणाले. "आज दिवसभर मले भातच दिसून राह्यला. मशीनवर बसलो तर भात. लोकायशी बोलून राह्यलो तर भात. पोट भरलेलं हाये, तरी भात. डोकं फिरलं का माह्यं?"

"नाही फिरलं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. पलीकडे एक जण पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून जाळं झटकत होता.

"तुले रोज असंच होत होतं काय?"

"रोज."

"कधीपासून?"

"आठवते तेव्हापासून."

 ते उठले आणि धूळ झटकत म्हणाले, "मले काऊन नाई सांगितलं?" मी सांगितलं होतं, कितीतरी वेळा. पण ते त्या वेळी जेवत होते.

माझं वजन पुढे सगळं परत आलं नाही. काही किलो कायमचे गेले, बहुतेक त्या पाळीवर कुठेतरी. गुडघे थोडे ऐकायला लागले, रक्तदाब गोळीनं आटोक्यात राहिला, आणि ती गोळी मी चष्म्यासारखी रोज घेते. डॉक्टर म्हणायचे, भुकेवर हात ठेवणारं आणि हृदयाला न दुखवणारं औषध कधीतरी येईल, आणि आलं तरी ते घेतच राहावं लागेल, हे लक्षात ठेवा. नववीच्या वर्गात मी चयापचयाची व्याख्या लिहिल्यावर स्वतःहून सांगायला लागले, की हो, ते माणसामाणसात वेगळं असतं, आणि कमी खाल्लं तर शरीर काटकसरही करतं. मुली माझ्याकडे अंदाज घेतल्यासारखं पाहायच्या. मी पाहू द्यायची.

काही वर्षांनी गडचिरोलीला एका लग्नात जेवताना यजमानांचे एक दूरचे मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, थोडं मनावर घ्या आता. जिभेवर ताबा ठेवला की उतरते बराबर."

मी नेहमीसारखं हसून टाळणार होते. पण यजमानांनी हातातला घास खाली ठेवला.

"तिच्या मनाचं काई नाई, मामा. तिचं शरीर आयकत नाई. तुमचं आयकते काय?"

 मामा पाण्याचा पेला शोधायला लागले. आणि यजमानांनी, इतकं मोठं बोलून झाल्याच्या समाधानात, पत्रावळीवरच्या जिलेबीकडे हात नेला. मी ती उचलून माझ्या पानात घेतली.